याडमची गारठलेली गाडी

आमच्या याडमला ‘तुला नाही जमायचं’ असं कुणी म्हणू नये. म्हणजे म्हणा हवं तर, मला बघायला मजाच येते. पण मग पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा.

पूर्ण नाव याडमसुरेन. उंची माझ्या खांद्याएवढी, आणि मी तरी कुठली उंच, मला सगळे गाठोडंच म्हणतात. चालते अशी, की कुणीतरी तिचं काही पळवलंय आणि तो चोर अगदी हाताशी आलाय. हिवाळ्यात आमची दोघींची गेरं, म्हणजे लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, एकाच टेकडीच्या आडोशाला असतात, दारं शेजारी शेजारी. नमद्याच्या भिंती त्या, त्यातून काय लपणार! ती शिंकली तरी मला कळतं, आणि मी घोरले की सकाळी तिचा टोमणा तयार असतो, "होर्लो ताई, रात्री घरात उंट बांधला होतात का?"

तिचा नवरा शाग्दर गाडी चालवायचा. ती करड्या रंगाची रशियन व्हॅन, पावाच्या लादीसारखी दिसते बघा, तसली. माणूस चांगला होता, पण छातीच्या दुखण्याने गेला. मागे राहिली याडम, शाग्दरची आई देजिद आजी, कळप म्हणायला लाज वाटावी एवढ्या मेंढ्या, आणि ही गाडी. दिवस वगैरे झाल्यावर सगळे बसलो होतो, तेव्हा धाकटा दीर चोइजिल मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "वहिनी, गाडी माझ्याकडे दे. तू काय करणार तिचं? सुटे भाग तरी माझ्या कामी येतील."

सुटे भाग! याडम माझ्याकडे बघून नुसता चहा ढवळत बसली. चहा कधीचा ढवळून झाला होता.

दुसऱ्या दिवशी बघते तर ही आटलेल्या तळ्याच्या मैदानात गाडीत बसलेली. एकटी. गाडी उडी मारते, बंद पडते, उडी मारते, बंद पडते. मला म्हणाली, "बसा ना ताई, फिरवून आणते." मी बसले, म्हातारपणी एवढी अक्कल गेली. आता ते मैदान केवढं, दिवसभर घोडा पळवला तरी संपणार नाही. त्या एवढ्या मैदानात एकच वस्तू होती, माझा बसलेला उंट. आणि ही नेमकी त्याच्यावर निघाली! मी ओरडतेय, ही स्टिअरिंग घट्ट धरून पुढे बघतेय. तो उंट मी आदल्या दिवसापासून उठ उठ म्हणत होते तरी हलत नव्हता. त्या दिवशी उठला. नंतर कितीतरी दिवस याडमला बघून उठायचा.

तर असं करत करत ती शिकली. आणि नुसती शिकली नाही, आमच्या खोऱ्यातून खिंड ओलांडून तालुक्याच्या गावाला जाणारी फेरी तिने धरली. आमच्याकडची पोरं त्या गावातल्या शाळेत, वसतिगृहात राहतात. पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाला घरी आणायची, सण झाला की परत पोचवायची. जो पोरं नेतो त्यालाच मग वर्षभर सगळे बोलावतात, मग लोकरीची पोती असोत, आजारी म्हातारी असो, नाहीतर लग्नाचं वऱ्हाड असो. साधी गोष्ट आहे. ज्याच्या हवाली पोर केलं, त्याच्या हवाली लोकर करायला कोण घाबरणार? गेल्या वर्षी पोरं याडमने नेली आणि वर्षभर गाडी थांबली नाही.

या वर्षी मात्र घात झाला. सणाला पोरं घरी आणताना ऐन खिंडीत हीटर थंड पडला.

बाहेर कसली थंडी होती सांगू? थुंकलं तर खाली पडेपर्यंत टणक होईल, तसली. काचांवर आतून बर्फ. याडमने गाडी थांबवली नाही, थांबली असती तर इंजिनच गोठलं असतं. पुढच्या दोन सीटच्या मधे इंजिनाचं झाकण असतं, ते तेवढं गरम. सगळी पोरं तिने त्या झाकणाभोवती एकावर एक रचली, कोकरं रचावीत तशी, आणि वरून आपला मेंढीच्या कातड्याचा कोट टाकला. स्वतः स्वेटरवर गाडी चालवली. तरी पुरेवच्या पोरीच्या, सोलोंगोच्या, नाकाचा शेंडा पांढरा पडला. नाक वाचलं, पण तिची आई दारातच किंचाळली ती आम्हाला इकडे ऐकू आली.

मग सणाच्या भेटीगाठींमध्ये, याडम माझ्याकडे बसली असताना, पुरेव आला. मी वाफवलेले मांसाचे बूझ तोंडात असतानाच म्हणाला, कारण वाईट बातमी रिकाम्या तोंडाने द्यायला माणसाला जड जातं. "याडम, तुझ्यावर राग नाही बरं का. पण सुट्टी संपली की पोरं चोइजिलच्या गाडीतून जातील. त्याचा हीटर चांगला आहे. रविवारी निघायचंय. तोवर तुझा चालू झाला तर बघू."

"बरोबर आहे तुमचं," याडम म्हणाली. "असल्या गाडीत मीही माझं पोर बसवलं नसतं. हीटर चालेल."

चोइजिल तिथेच होता. त्याची कोरियन मिनीबस, आत पडदे, गाणी. "आणि नाही चालला ना वहिनी, तर मग ठरलं. गाडी माझी. हीटरचा पंखा मी बकऱ्यांच्या गोठ्यात लावीन, उन्हाळ्यात माश्या तरी उडतील."

सगळे हसले. याडमसुद्धा हसली. तिचं ते हसणं बघून मी मनात म्हटलं, गेला हा चोइजिल.

तर दुसऱ्या दिवसापासून ती गाडीखाली. मी बाहेर बादली पालथी घालून बसायची, हातात पाना, तोंडात सल्ला. मला गाडीतलं काय कळतं? काही नाही. पण म्हणून गप्प बसायचं असं थोडंच आहे.

"पंखा गेला असेल," मी म्हटलं.

"पंखा फिरतोय. हात धरा इथे. हवा येते की नाही?"

येत होती. भरपूर येत होती, आणि बर्फासारखी.

"मग इंजिनच तापत नसेल."

तिने काटा दाखवला. काटा आपल्या जागेवर, इंजिन छान तापलेलं. समोरच्या जाळीवर तिने जुनी रजाई बांधलेली असते, सगळेच बांधतात, तीही जागेवर होती. तरी तिने तो थर्मोस्टॅट म्हणतात तो काढला, भांड्यात पाणी तापवून त्यात बुडवला. पाणी उकळायला आलं तसा तो आपोआप उघडला. "चांगला आहे," म्हणाली आणि परत बसवला.

मग टेकडीवर गेली, तिथे फोन लागतो, आणि गावातल्या मेकॅनिकला विचारलं. सणाच्या दिवसांत मेकॅनिक! आधी त्याने एक गाणं म्हटलं. मग म्हणाला, आत हवा अडकली असेल, गाडीचं तोंड चढावर कर आणि पाण्याचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालव, बुडबुडे निघून जातील. झालं, आमची गाडी टेकडीवर नाक वर करून उभी. याडम आत बसून ॲक्सिलरेटर दाबतेय आणि मी झाकणापाशी बुडबुडे बघतेय. एक निघाला, दोन निघाले. मी मोठ्या आशेने ओरडले, "निघाले गं!" खाली उतरून आलो तर हवा तशीच गार. वर माझ्या भुवयांवर वाफेचा बर्फ. देजिद आजी दारात उभी राहून म्हणाली, "होर्लो, तू माझ्याएवढी म्हातारी कधी झालीस गं?"

याडमने नाक पुसलं आणि पुन्हा खाली शिरली. मला वाटलं होतं आता वैतागेल, पाना फेकेल. शाग्दर फेकायचा, एकदा माझ्या कुत्र्याला लागला होता. ही नाही. एक गोष्ट झाली की ती बोटाने हवेत अशी रेघ मारायची, म्हणजे हे नव्हे, आणि पुढच्याला हात घालायची.

हीटरकडे पाणी सोडणारा नळ बघितला. उघडा होता. रेघ. मग शनिवारी सकाळी, इंजिन चालू असताना, तिने मला हाक मारली. "ताई, हातमोजा काढा आणि हात घाला इथे."

"कशाला? मला दोन हात आहेत ते बरे आहेत."

"काढा हो."

इंजिनाकडून हीटरला दोन रबरी नळ्या जातात. एकीला हात लावला तर बोटं भाजली. दुसरी मेलेल्या मेंढीच्या कानासारखी गार.

"गरम पाणी या नळीने आत जातंय," याडम म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात मजा आली. "आणि या नळीने परत यायला हवं. येत नाही. म्हणजे मधे जी हीटरची जाळी आहे, तिच्यात काहीतरी बसलंय."

"बर्फ?"

"बघू."

आमच्याकडे जुन्या गाड्यांत नुसतं पाणीच घालतात, रोज संध्याकाळी सगळं सोडून द्यायचं आणि सकाळी उकळतं भरायचं. नाहीतर रात्रीत इंजिन फुटतं. थोडं पाणी आत राहून गोठलं असेल म्हणून तिने जाळीवर किटल्यांवर किटल्या ओतल्या. गार ती गारच. रेघ.

"काढते बाहेर," ती म्हणाली.

आता जाळी काढायची म्हणजे बोल्ट काढायचे, आणि बोल्ट शाग्दरच्याही आधीच्या काळातले. पान्याला ती अख्खी लोंबकळली. पाना सटकला आणि बाई बर्फात बसली. त्या वेळी ती जे बोलली ते मी सणाच्या महिन्यात सांगणार नाही. पण जाळी निघाली. काखोटीला मारून आत आणली, चुलीशेजारी. देजिद आजी आपल्या जागेवर माळ ओढत बसली होती. मी माझी कणीक मळायची परात आणली. का आणली? कारण दुसरं भांडं तिथे नव्हतं, आणि मी मूर्ख आहे.

ज्या तोंडातून पाणी बाहेर येतं त्या तोंडातून याडमने उलटं गरम पाणी ओतलं. काही नाही. मग नळीला तोंड लावून फुंकलं. गाल हे एवढे फुगले, डोळे बाहेर. मी म्हटलं, "अगं, तू फुटशील जाळीच्या आधी." एक थेंब आला. मग दोन. आणि मग फस्सकन माझ्या परातीत एक पिवळट भुरभुरीत गोळा पडला.

दोघी वाकून बघायला लागलो. मी बोटाने उचललं, वास घेतला. मग मला राहवेना, जिभेला लावलं.

"याडम," मी म्हटलं, "हे आरूल आहे."

"काय?"

"आरूल! दह्याचं वाळवलेलं! गंजाचा वास आहे, पण आहे दूधच. आणि मीठपण आहे. तुझी गाडी दूध देते गं!"

आणि लगेच मला काय आठवलं, माझा कुत्रा. ती संध्याकाळी गाडीतलं पाणी जिथे सोडते, तिथला बर्फ हा हिवाळाभर चाटतो. मी त्याला वेडा म्हणत होते.

याडम जाळीकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय. तेवढ्यात मागून देजिद आजी शांतपणे म्हणाली, "माझाच चहा असेल."

अगदी त्याच क्षणी दार उघडून चोइजिल आत आला. सणाला आईला भेटायला रोज यायचा, आणि खरं सांगायचं तर गाडी कुठवर आली तेही बघायला. "कसला चहा?"

"गाडीला देते ना मी सकाळी. एक वाटी. झाकण उघडंच असतं, ही दुसरी किटली आणायला आत येते तेवढ्यात."

चोइजिल आधी उभाच राहिला. मग खाली बसला. मग असा हसला की टोपी पडली. "आई! गाडीला दुधाचा चहा पाजलास! मीठ घालून! अगं, बूझ पण भरवायचेस की दोन!"

आजीची माळ थांबली. मान खाली गेली. म्हातारीचं तोंड असं एवढंसं झालं.

"हसू नकोस," याडम म्हणाली. आवाज चढवला नाही, पण चोइजिलचं हसणं तिथेच तुटलं. "पाजला तर पाजला. विष नाही ना पाजलं?"

"मी कुठे काय म्हटलं वहिनी." त्याने टोपी उचलली. जाळी हातात घेऊन उजेडात धरली. आता तो खरंच गंभीर झाला होता. "पण ही गेली बघ. आत बारीक बारीक नळ्या असतात. त्यात दूध रोज शिजलंय, थरावर थर. तार घालून निघणार नाही, भोक पडेल. नवीन जाळी शहरात मिळेल, पण सणामुळे दुकानं बंद. उद्या सकाळी पोरं निघायचीत. सोड आता. मी वाईट म्हणून सांगत नाहीये."

"तू उद्या ये," याडम म्हणाली. "गाडी घेऊन ये. मला नाही जमलं तर पोरं अडकायला नकोत."

"मग गाडीचं..."

"उद्या."

तो गेला. मी परात घट्ट धरून बसले, बोलायला नको म्हणून. माझ्यासारखीला ते किती जड जातं, काय सांगू.

याडम सासूसमोर जाऊन उकिडवी बसली. "आई, का हो?"

देजिद आजी माळेकडे बघत बोलली. "घरातून निघणाऱ्याच्या पोटात घरचा चहा असावा. शाग्दर दोन वाट्या पिऊन निघायचा. गेल्या हिवाळ्यात तूही प्यायचीस. या हिवाळ्यात तू तोंडसुद्धा ओलं करत नाहीस. अंधारात उठतेस, गाडी भरतेस, निघून जातेस. मी ओतलेली वाटी तशीच राहते. मग मी म्हटलं, निदान गाडीने तरी प्यावा. दोघींतल्या एकीच्या तरी पोटात असेल."

याडमच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं. मग तिने तोंडावर हात घेतला. मला वाटलं रडते. बघते तर अर्धं हसू होतं.

"आई, मी पीत नाही कारण... खिंडीत थांबायची पंचाईत होते हो. गेल्या वर्षी नुसती पोरं होती, आता मागे सगळे बाप्ये बसलेले. शाग्दर काय, कुठेही उभा राहायचा."

"एवढंच?" आजी म्हणाली.

"एवढंच."

"आणि हे तू मला सांगायचं नाहीस? मी बाई नाही?"

आता माझा बांध फुटला. मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या मुताच्या पंचाइतीपायी हीटर बसला होय गं? चोइजिलला सांगू का?"

"ताई, जीव घेईन."

पण तिने आजीपुढे हात केला, उजवा, डावा हात कोपराला टेकून, आदबीने. "ओता एक वाटी." आणि सगळी प्यायली. वाटीच्या तळाला राहिलेलं लोणीसुद्धा बोटाने पुसून चाटलं. "उद्यापासून पिऊन निघेन. बाप्ये थांबतील खडकाच्या त्या बाजूला. पण गाडीला साधं पाणीच राहू द्या आई, तिला पचत नाही."

आजीने मान हलवली. माळ परत सुरू झाली.

याडमने जाळी पुन्हा मांडीवर घेतली. नखाने त्या पिवळ्या थराला खरवडलं. मग म्हणाली, "ताई, दूध करपून कढईला बसलं तर तुम्ही कशाने काढता?"

"खुजिरने. दुसरं कशाने?"

बोलले आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

खुजिर म्हणजे तळ्याच्या काठाला पांढरा खार फुटतो तो. शरद ऋतूत आम्ही पोती भरून आणतो. चहात चिमूटभर, आणि भांड्यांना भरपूर. उकळत्या पाण्यात टाकून ठेवलं की दुधाचा कसलाही थर सुटून वर येतो, घासायलासुद्धा नको. वर्षानुवर्षं कढया साफ करतोय आम्ही. आता ही एक कढईच होती, नुसती जरा वाकडीतिकडी.

"मूठभर घाला," मी म्हटलं.

"दोन मुठी," देजिद आजी आपल्या जागेवरून म्हणाली, आणि उठून स्वतःची पिशवी काढून दिली. "तो माझा चहा आहे. पातळ नसतो."

मग काय विचारता! चुलीत शेणी कोंबल्या, मोठी कढई चढवली. याडम जाळी धरते, मी नरसाळं धरते, आजी ओगराळ्याने उकळतं खाराचं पाणी ओतते. जाळीची तोंडं बंद करून ठेवायची, थोडा वेळ थांबायचं, मग पोर हलवावं तशी जाळी हलवायची आणि ओतून द्यायची. पहिलं पाणी निघालं ते ताकासारखं. दुसरं चिखलासारखं. वास असा सुटला की माझा कुत्रा दाराबाहेर रडायला लागला. याडमचे हात खाराने सोलवटले, मी म्हटलं मी धरते, तर नाही म्हणाली. पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं. मधेच एकदा काहीच निघेना, सगळं तुंबलं. मी म्हटलं झालं, गेलं. तिने उलटी केली, फुंकलं, आपटलं, पुन्हा ओतलं. गोळा सुटला. आणि मग धार लागली. सरळ, जाड, गाभण घोडीची लागते तशी. तिघी त्या धारेकडे बघत बसलो. आयुष्यात कशाकडे इतक्या कौतुकाने बघितलं नसेल.

उरलेल्या खाराच्या पाण्याने तिने अख्खं इंजिनही धुऊन काढलं, कारण चहा तिथेही फिरलाच होता. मग दोनदा साध्या पाण्याने. सूर्य टेकडीला टेकायच्या आत जाळी जागेवर बसवली. तेवढ्यात हीटरच्या नळाची मूठ तिच्या हातात आली, तुटून.

"आता बंद करता येणार नाही," ती म्हणाली.

"बंद करायचाय कुणाला?"

गाडी सुरू केली. हातमोजे काढून एक एक नळी आम्ही दोघींनी धरली. माझी गरम झाली. याडमची गार. मी तिच्याकडे बघतेय, ती नळीकडे. मग तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. तिने हात काढला नाही, भाजेपर्यंत धरून ठेवला.

सकाळी चोइजिलची मिनीबस आली, पडदे, गाणी सगळं. आईबापांनी पोरांची गाठोडी आधीच तिच्यावर बांधायला घेतली होती. याडमने आपल्या गाडीत उकळतं पाणी भरलं, झाकण लावलं, चहाच्या दोन वाट्या प्यायल्या, आणि गाडी आणून मिनीबसच्या शेजारी उभी केली. पुरेवसाठी मागचं दार उघडलं. "बसा."

"मी?"

"तुमचंच पोर गारठलं होतं ना. तुम्हीच बसा. हवं तेवढा वेळ बसा."

पुरेव आत बसला. आम्ही बाहेर पाय आपटत उभे. थोड्या वेळाने बघितलं तर त्याने हातमोजे काढले होते. मग टोपी. मग कोटाची गळ्याची गुंडी. मग तो काही दिसेनाच. याडमने दार उघडलं तर मान टाकून डुलक्या काढत होता.

त्याची बायको ओरडली, "अहो! पोरांना जायचंय! तुम्हाला नाही!"

तो उतरला, लाल चेहऱ्याने, आणि मिनीबसवरून सोलोंगोचं गाठोडं सोडवायला लागला. त्याचं बघून आणखी दोघा-तिघांनी सोडवलं. सगळ्यांनी नाही. काहींनी चोइजिलला शब्द दिला होता, ते त्याच्याचकडे राहिले, आणि याडम त्यांना काही म्हणालीही नाही. चोइजिलने आमच्या गाडीत डोकं घालून हवेपुढे हात धरला. बराच वेळ धरला.

"कशाने काढलंस, वहिनी?"

"तुझ्या आईला विचार," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

मीही गेले, माझी दाढ दुखत होती. दुखत नव्हती, पण जायचं होतं. खिंडीच्या अलीकडेच पोरांनी कोट काढले. खिंडीत स्वेटर. गाडीभर तापलेल्या दुधाचा वास, त्यामुळे सगळ्यांना भुका लागल्या आणि शाळेत न्यायचा खाऊ वाटेतच संपला. सोलोंगो म्हणाली, "याडम मावशी, जरा कमी करा ना, उकडतंय." याडम म्हणाली, "कमी होत नाही. घाम येऊ दे." खिंडीतल्या खडकापाशी ती स्वतःहून थांबली, सगळ्यांत आधी उतरली आणि सगळ्यांत शेवटी परत आली. त्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतताना खोऱ्याच्या वळणावर पुरेव घोड्यावर थांबलेला. किती वेळ थांबला होता देव जाणे, घोड्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. याडमने काच खाली केली तशी गरम हवा त्याच्या तोंडावर आली आणि तो जरा मागे सरकला.

"पोचली ना नीट?"

"पोचली."

तो लगाम चाळवत राहिला. "वसंतातल्या सुट्टीला... आम्ही सगळ्यांनी बोलून घेतलंय. तूच आण सगळ्यांना. चोइजिलही हो म्हणालाय, त्याला नदीपलीकडची माणसं आहेत म्हणे."

"आणीन," याडम म्हणाली. काच वर घेता घेता थांबली. "पण येताना पोरांना कपडे जरा कमी घालायला सांगा."